पायरी मुन्सिफाची

वाद सुरू झाला तो स्मितामुळं. ती जेएमएफसीची, म्हणजे खालच्या कोर्टातल्या न्यायाधीशपदाची, परीक्षा तिसऱ्यांदा देऊन राहिली. रविवारी सकाळी लॉ कॉलेज चौकाजवळच्या आमच्या कट्ट्यावर, तर्री-पोह्याची प्लेट हातात घेऊन ती म्हणाली, "मुलाखतीत आदर्श कोण विचारलं, तं मी फातिमा बीवींचं नाव घेणार. सुप्रीम कोर्टातली पहिली बाई न्यायाधीश."

बंटी उसळला. "काऊन? अडीच वर्षं तं होत्या त्या सुप्रीम कोर्टात. ६ ऑक्टोबर १९८९ ला आल्या, २९ एप्रिल १९९२ ला निवृत्त. कोणीतरी पहिली होणारच होती."

"होणारच होती तं कोर्ट सुरू झाल्यावर ३९ वर्षं काऊन लागली?"

बंटीला उत्तर सुचेना. दादा हायकोर्टात वकिली करतात, त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "अडीच वर्षं त्यांनी मागितली नव्हती बे. हायकोर्टातून बासष्टाव्या वर्षी उतरावं लागतं, सुप्रीम कोर्टातून पासष्टाव्या. बाई केरळ हायकोर्टातून एप्रिल ८९ मध्ये निवृत्त होऊन घरी बसल्या होत्या. पाच महिन्यांनी बोलावणं आलं. वयच तेवढं उरलं होतं."

मग त्यांनी बोटांवर पायऱ्या मोजल्या. १९५० मध्ये बार कौन्सिलच्या परीक्षेत पहिला नंबर, त्याच वर्षी सनद. १९५८ मुन्सिफ, म्हणजे सगळ्यात खालच्या दिवाणी कोर्टाची न्यायाधीश. ६८ ला सब-जज, ७२ ला मुख्य न्यायदंडाधिकारी, ७४ ला जिल्हा न्यायाधीश. ८० ला आयकर अपील न्यायाधिकरण, ८३ ला हायकोर्ट.

मुन्सिफापासून हायकोर्टापर्यंत पंचवीस वर्षं! आपण सारे १९८९ लक्षात ठेवतो. मला वाटतं, १९५८ जास्त मोठं आहे. दिल्लीतल्या शपथविधीला फोटोवाले असतात. मुन्सिफाच्या कोर्टात बांधाचे, उसनवारीचे, वाटणीचे दावे येतात आणि ते चालवायला बसली होती एकतीस वर्षांची मुसलमान बाई. खालच्या कोर्टातली अशी वर्षं कोणी मोजत नाही, याचा मला खरंच राग येतो.

"आणि ती वाट वडिलांनी दाखवली," स्मिता म्हणाली. "मुलीला केमिस्ट्री शिकायची होती. वडील, मीरा साहिब, म्हणाले कायदा शिक. त्यांच्या डोळ्यासमोर अ‍ॅना चांडी होत्या." त्रावणकोर संस्थानात अ‍ॅना चांडी १९३७ मध्ये मुन्सिफ झाल्या, पुढं १९५९ मध्ये केरळ हायकोर्टात, आणि देशात हायकोर्टाची न्यायाधीश झालेली ती पहिली बाई. एका बाईला खुर्चीवर पाहून दुसरीच्या बापानं मुलीचं भविष्य ठरवलं. ही गोष्ट मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा जवळची वाटते. (पद्मभूषण फातिमा बीवींना २०२४ मध्ये मिळालं, तेही मरणोत्तर.)

बंटी काही गप्प बसणारा नव्हे. "अन् तमिळनाडूच्या राज्यपाल असताना? २००१ मध्ये जयललितांना निवडणूक लढायलाच बंदी होती, शिक्षा झाली होती. तरी बाईंनी मुख्यमंत्रिपदाची शपथ दिली. सप्टेंबरात सुप्रीम कोर्टानं ती नेमणूक रद्द केली. जिथं स्वतः बसल्या, त्याच कोर्टानं!"

इथं बंटी बरोबर होता. त्याआधीच करुणानिधींच्या अटकेवरून केंद्रानं बाईंना परत बोलवायचं ठरवलं आणि त्यांनी राजीनामा दिला, हेही खरं.

स्मिता थोडा वेळ बोलली नाही. "चूक ती चूक. पण कोर्टातल्या वर्षांतून ती वजा करायची काय?"

"करायची. न्यायाधीश होत्या म्हणूनच करायची."

दादा म्हणाले, "राज्यपालाचा हिशेब वेगळा मांडायचा." बंटीला ते पटलं नाही. मी अजून स्मिताच्या बाजूनं आहे, पण बंटीचं ते वाक्य घरी येईस्तोवर डोक्यात होतं.

स्मितानं बॅग उचलली. लायब्ररी उघडायची वेळ झाली होती. जाता जाता वळली. "बंट्या, तुला सगळ्या तारखा पाठ आहेत ना? मुन्सिफ कोणत्या महिन्यात झाल्या?"

बंटी दादांकडं पाहून राहिला.

"मे," ती म्हणाली आणि रस्ता ओलांडून गेली.