डुक्कर आणि चेंडू

गेल्या रविवारी आमच्या छोट्या संग्रहालयाचं उद्घाटन झालं. मातीच्या फरशांची ती भिंत बघायला मी सहकुटुंब गेलो. माझी फरशी सापडली. खाली पट्टी होती : ‘डुक्कर आणि चेंडू. शिशुगट.’ वर कन्नडमध्ये ठळक, खाली मराठीत मुंगीएवढ्या अक्षरांत. आयुष्यात पहिल्यांदाच मराठी बारीक छापल्याचं बरं वाटलं.

तो भूवराह होता हो! हलशीचा. आमच्या कर्नाटकातल्या, बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात राहून हलशीचं देऊळ ठाऊक नाही असा माणूस नसेल. कदंब राजांची जुनी नगरी पलाशिका ती हीच. देवळात दोन गाभारे समोरासमोर, त्यातल्या एकात पृथ्वीला उचलून धरलेला वराह. भूदेवीचं नाक-डोळे मातीत काढणं मला झेपेना, म्हणून मी पृथ्वी गोल केली. पृथ्वी गोलच असते. यात चेंडू कुठून आला?

तो आला मामांकडून.

कल्पना अशी होती की संग्रहालयाची एक भिंत शाळेतली पोरं आणि गावकरी मिळून करतील. प्रत्येकानं एक फरशी, विषय ‘आमचं गाव’. खानापूर म्हणजे कौलांचा, विटांचा मुलूख. कुंभारकाम शिकवणारी खादी ग्रामोद्योगाची संस्थासुद्धा इथं आहे. मातीला काय तोटा? शहरातून आलेल्या चित्रकार बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं, “मुलांना मोकळं सोडा.” मुलं मोकळी सुटली आणि अर्ध्या वर्गानं जेसीबी केला. उरलेल्यांनी मोबाइलचा टॉवर. दोन हजार वर्षांनी कुणी उत्खनन केलं तर आमचं कुलदैवत पिवळं होतं आणि त्याला एकच हात होता, असा निष्कर्ष निघणार. मग आईबापांनी पोरांच्या हातातून माती काढून घेतली. एका बापानं पोराच्या नावावर शिवाजी महाराज केले, घोड्यासकट. पोरगं बाजूला उरलेल्या गोळ्याचा गुपचूप जेसीबी करत होतं.

अशात मंडपाच्या दारात मामा उभे राहिले. डोक्याला टॉवेल, हातात पिशवी. त्यांनी वाळत घातलेली एक फरशी उचलली, उलटी केली, कड बघितली.

“काय ओ सर, ही कितीला घातलाय?”

“विकायला नाहीत ओ मामा.”

“मग करायलाय कशाला?”

“संग्रहालयाला. भिंतीवर लावायच्या.”

“म्हणजे सरकारी काम. रेट ठरलेला असणार की.”

“पोरांनी हौसेनं केल्यात.”

“पोरांनी केल्यात म्हटल्यावर कमी करा की मग. मला मोरीला पाहिजेत, शे-सव्वाशे बास.” त्यांनी जेसीबीवरून अंगठा फिरवला. “डिझाइन आहे ते बरं आहे. पाय घसरायचा नाही.”

मी त्यांना कला समजावली, लोकसहभाग समजावला, चित्रकार बाईंचं ‘मोकळं सोडा’ही सांगितलं. सगळं ऐकून ते म्हणाले, “होय की. खरं, वाहतूक तुमच्याकडंच काय?”

गेले असतील असं वाटलं तर ते खुर्ची ओढून बसले. आणि खरी पंचाईत पुढंच आहे. त्यांना सगळं कळत होतं. उमेदीत कौलांच्या कारखान्यात काढलेली वर्षं. “उन्हातनं काढा त्या. कडा उचलतील. सावलीत वाळू दे सावकाश.” कडा खरंच उचलायला लागल्या होत्या. “मागनं कोरून हलकं करा, जाड राहिलं तर आत ओल राहते, भट्टीत फुटतंय.” शिवाजी महाराज जाडजूड होते. घोड्यासकट फुटले. “दहा इंचाची ओली फरशी हातात येईपर्यंत नऊची होते, माप घेऊन चौकट केलाय काय?” चौकट दहाचीच केली होती. चित्रकार बाई वही काढून लिहून घ्यायला लागल्या. त्यांना ते ‘मामा’ आणि आम्ही ‘जरा बाजूला व्हा’.

भट्टी उघडली तेव्हाही मामा हजर. एकेक फरशी बोटांच्या पेरांनी वाजवायचे. टण्ण वाजली की ठेवायची, बद्द वाजली की बाजूला. त्यातच त्यांनी गटही पाडून टाकले : शाळा, बचतगट, प्रतिष्ठित. पट्ट्या लिहिणारा मुलगा शेजारी. माझी फरशी टण्ण वाजली, एवढं समाधान आहे. मी तिथं का नव्हतो? सगळ्यांसाठी चहा आणायला गेलो होतो! मागाहून कळलं ते असं : “हे काय मामा?” “डुक्कर दिसतंय. पोरानं खेळायला बॉलपण दिलाय बघ. बारक्यांत घाल.”

पट्टी बदला म्हणून मी समितीकडे गेलो. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, असा २०२४ पासून कायदा आहे. तो वीतभर पट्टीला लागतो का हे कुणी विचारलं नाही, समितीनं आधीच फूटपट्टी लावून ठेवली होती. साठ टक्क्यांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार उरलेल्या चाळीसाची आहे. मुख्य फलकावर त्या चाळीसात प्रमुख पाहुणे, देणगीदार, मंडपवाले आणि ध्वनिक्षेपकवाले बसले. माती वाहणारे, चौकट उचलणारे, चहा आणणारे ‘व इतर ग्रामस्थ’. आमच्या भागात मराठी माणसानं अर्ज करायचा म्हणजे दोन भाषांत करायचा, आणि तो कुठल्याच भाषेत वाचला जात नाही. अध्यक्ष म्हणाले, “सर, शिशुगटाला बक्षीस आहे, असू दे की.” बक्षीस म्हणजे कंपास पेटी. ती आली. मुलगा वापरतोय.

उद्घाटनाला मामा घरच्यांना घेऊन आले होते. माझ्या फरशीपुढं थांबून त्यांनी सुनेला सांगितलं, “हे या सरांच्या धाकट्याचं. हात चांगलाय पोराचा.” धाकटा बारावीला आहे. मग मला कोपऱ्यात घेऊन हळूच म्हणाले, “बद्द वाजलेल्या सगळ्या मी नेल्या ओ. फुकट दिले. मोरीत बसवल्या, झकास दिसतंय. अध्यक्षांच्या हाताचा ठसा हाय बघा त्यात, तो पाय घासायच्या जागेला लावलाय. खरखरीत हाय. या की एकदा.”

येत्या रविवारी जाणार आहे.