बॅटरी मेलीये, तरी राइट-बॅक चालू?

काल अंबडच्या आमच्या प्लँटमध्ये सपोर्टवाल्यांचा इंजिनिअर येऊन गेला. तक्रार, ईआरपी (स्टॉक-बिलांचं सॉफ्टवेअर) मंद चालतंय. मंद चालणारच! सर्व्हरच्या डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरची बॅटरी मेलीये (करंट गेला तरी त्याच्या कॅशमधला डेटा तीच टिकवते), म्हणून तो आपणहून राइट-थ्रूवर गेलाय, म्हणजे डिस्कवर लिहून झाल्यावरच 'लिहिलं' म्हणतो, आणि खाली रेड ५, म्हणजे अनेक डिस्कवर वाटलेला डेटा आणि एक डिस्क गेली तर तो परत काढायला पॅरिटी. एक छोटासा राइट करायचा तर जुना डेटा वाच, जुनी पॅरिटी वाच, मग दोन्ही नव्याने लिही. हे सगळं मी मेलमध्ये लिहून दिलं होतं. बॅटरीची पीआर (खरेदीची मागणी) परचेसकडे पडून आहे.

आणि या पठ्ठ्याने काय केलं? 'बॅटरी नसली तरी राइट-बॅक' हा पर्याय टिक केला. ईआरपी पळायला लागलं, साहेब खूश, रिपोर्टवर सही घेतली आणि गडी जेवणाच्या सुट्टीआधी गरवारे पॉइंटच्या पार!

अरे, तो टिक म्हणजे काय कळतं का? माल अजून टेम्पोत आणि चलनावर 'मिळाला' म्हणून सही ठोकायची! डेटाबेसला सांगितलं 'लिहिलं', प्रत्यक्षात सगळं कॅशच्या रॅममध्ये. करंट गेला की तेही गेलं. कोणत्या बिलाची कुठली ओळ गेली ते महिनाअखेरीला स्टॉक जुळेना झाला की कळणार. आणि हे कुठे, तर जिथे पावसाळ्यात फीडर कधी ट्रिप होईल याचा नेम नाही तिथे. यूपीएस आहे म्हणे. पॉवर सप्लायच उडाला तर? मशीन हँग झालं आणि कोणी बटण दाबून धरलं तर? तिथे यूपीएस काय करणार?

फोन केला, तर उत्तर काय, "सर, स्पीड आला ना? मग?" डोकं फिरलं माझं.

याच लोकांनी मागे डिस्क बदलली तेव्हा नव्या डिस्कवर डेटा परत भरायच्या रीबिल्डची प्रायॉरिटी हायवर टाकली होती, ऐन डिस्पॅचच्या वेळी. गाड्या गेटवर उभ्या आणि ई-वे बिल निघेना. रीबिल्ड लांबवू नये हे मलाही कळतं, एक डिस्क गेलेल्या रेड ५ वर झोप लागत नाही. पण मेगारेड कंट्रोलरचा रीबिल्ड रेट मुळात ३० टक्के ठेवलेला असतो तो काही उगाच नाही. वाढवायचाय ना? दुसरी पाळी सुटल्यावर वाढवा.

जुन्या सर्व्हरवर तर कॅशच्या वाटणीचा रेशोच उलटा करून ठेवलाय. तिथल्या स्मार्ट अ‍ॅरे कंट्रोलरमध्ये १० टक्के रीड, ९० टक्के राइट होता, यांनी रीडला ९० दिले, कारण रिपोर्ट उशिरा उघडतो. अहो, वाचायला सर्व्हरची स्वतःची रॅम आहे की! कंट्रोलरची कॅश राइटसाठी लागते. वर डिस्कची स्वतःची कॅशही चालू, जिला कंट्रोलरची बॅटरी असली तरी वाचवत नाही.

तो टिक मी रात्रीच काढला. सकाळपासून स्टोअर आणि अकाउंट्सचे फोन चालू आहेत, परत स्लो झालं म्हणून. होऊ दे. डेटा गेल्यावर रीस्टोअरला रात्रभर मीच बसणार आहे, तो इंजिनिअर नाही. पीआर नंबर मेलमध्ये आहे, परचेसला विचारा.