पट्टी सरकते ती गुळगुळीत असते म्हणून नव्हे

गोधडी आणि टेलरिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक सल्ला सारखा फिरतोय. रोटरी कटरने (फिरत्या गोल चकतीच्या कापड-कापणीने) कापताना अ‍ॅक्रिलिकची मापाची पट्टी सरकते, कारण ती खालून गुळगुळीत असते. म्हणून चारही कोपऱ्यांना ग्लू गनचे ठिपके द्या किंवा पॉलिश पेपर चिकटवा, मधोमध सगळा जोर लावून दाबा आणि एका दमात कापा. वर आणखी एक भर : कापडाचे थर जास्त ठेवले की पट्टी पक्की बसते. यातलं काहीच जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

मराठवाड्यातली जुनी वाकळ लुगडी-धोतरं हाताने फाडून, थर लावून, धावदोऱ्याने शिवली जाते. तिथे सूतभर फरक पडला तरी चालतं. चौकोन जोडून केलेल्या चादरीचं तसं नाही. कापडाचा एकेक पट्टा अर्धा सूत, म्हणजे 1/16 इंच, अरुंद निघाला तर 16 पट्ट्यांत पुरा 1 इंच जातो आणि शेजारच्या चौकोनांच्या शिवणी जुळत नाहीत.

सगळ्यात घातक आहे तो मधोमध जोर देण्याचा भाग. चकती पट्टीला घासत पुढे जाते तेव्हा ती पट्टीला थोडी बाजूलाही रेटते. हाताजवळ हा रेटा जाणवत नाही. पण पट्टी 24 इंचांची असेल, तर हातापासून 8-10 इंच दूर गेल्यावर तोच रेटा तरफेसारखा काम करतो आणि पट्टी हाताभोवती फिरते. टोकाला कापड तिरकं कापलं जातं ते यामुळे. दाब वाढवून हे थांबत नाही, हात मात्र लवकर दमतो.

उजव्या हाताने कापत असाल तर डाव्या हाताची बोटं फाकवून पट्टीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर ठेवा. करंगळी पट्टीच्या कटरविरुद्धच्या कडेबाहेर कापडावर टेकवा. बाजूचा रेटा तीच अडवते. अंगठा कापायच्या कडेपासून निदान 1 इंच आत हवा. कटर बोटांच्या समोर आला की थांबा. चकती कापडातच राहू द्या, कटर उचलू नका. आधी बोटं पुढे सरकवा, मग तळव्याची मागची बाजू ओढून घ्या, म्हणजे पट्टीवरचा हात पूर्ण सुटत नाही. 24 इंचांत असं दोन-तीनदा करावं लागतं, म्हणून ‘एका दमात’ हा सल्ला साफ चुकीचा. जमिनीवर बसून कापताना हात पुढे ताणला जातो आणि दाब तिरका पडतो. स्वयंपाकाचा ओटा किंवा कमरेच्या जरा खाली येणारं टेबल घ्या, उभं राहा, आणि खांद्यातून सरळ खाली दाब द्या.

ग्लूचे ठिपके पट्टीला कापडापासून वर उचलतात. मग कड कापडावर टेकत नाही, कापड चकतीपुढे गोळा होतं, पट्टी डुगडुगते. पॉलिश पेपरखाली आकड्यांच्या रेघा झाकल्या जातात. हिमरू कापडाच्या उलट्या बाजूला सुटे धागे असतात, तिथे तो अडकून धागे ओढतो. पकड हवीच असेल तर मेडिकल दुकानात मिळणारी ट्रान्सपोअरसारखी पारदर्शक, खरबरीत प्लास्टिकची चिकटपट्टी घ्या. 1 इंचाचे 4 ते 6 तुकडे कडेपासून पाव इंच आत लावा. ती पातळ असल्याने पट्टी उचलली जात नाही, रेघाही दिसतात. तिच्यावर लव-धागे साचले की बदला.

पण कोणतीही चिकटपट्टी फक्त वरचा थर धरते. खालचे थर आपापसांत सरकतातच, आणि इथेच जास्त थरांचा दावा कोसळतो. 45 मिमीच्या चकतीला सुती कापडाचे 4 थर पुरेत. त्यावर गेलात की दाब वाढतो, दाबाबरोबर बाजूचा रेटाही वाढतो. जुनं, मऊ पडलेलं सुती कापड असेल तर आधी कांजी करा. अर्धा लिटर पाण्यात 1 मोठा चमचा कॉर्नफ्लोअर गार पाण्यातच कालवून घ्या, मग उकळा. कापड त्यात बुडवून वाळवा. वाळल्यावर इस्त्री घासू नका, उचलून उचलून दाबा. घासल्याने कापड उरेब, म्हणजे तिरकं, ताणलं जातं. शिवून झालं की धुवा, नाहीतर कांजीला कसर लागते. पैठणीच्या तुकड्यांना कांजी नको. खाली पातळ बटर पेपर ठेवून एकच थर कापा. आणि कापताना पंखा बंद ठेवा, हलकं कापड वाऱ्याने घडीतून सुटतं.

एक दोष पट्टीच्या माथी उगाच मारला जातो. घडी घालून कापलेला पट्टा उलगडल्यावर घडीच्या जागी कोपरासारखा वाकलेला दिसला, तर पट्टी सरकलेली नसते. ती घडीला काटकोनात नव्हती एवढंच. पट्टीवरची एक आडवी रेघ घडीवर तंतोतंत बसवा, मगच कापा. दर चार-पाच पट्ट्यांनी कड पुन्हा काटकोनात कापून घ्या, कारण बारीक चूक पट्ट्यागणिक वाढत जाते.

चकतीबद्दल तर त्या सल्ल्यात अवाक्षर नाही. कापलेल्या रेघेवर दर 14 सेंटीमीटरला दोन-चार धागे न कापता राहत असतील, तर चकतीच्या धारेत खाच पडली आहे. 45 मिमीच्या चकतीचा घेर तेवढाच असतो. ते धागे तोडायला आपण नकळत जोर वाढवतो आणि नेमकी तिथेच पट्टी हलते. जरीवर अशी खाच लवकर पडते, म्हणून जरीसाठी आणि बटर पेपरसाठी जुनी चकती वेगळी ठेवा, सुतीसाठी नवी.