चारशे पौंड कंपनीने खाल्ले? जरा हिशेब मांडून बघू

घड्याळं तासभर मागे गेली आणि संध्याकाळी पाचच्या आत अंधार पडायला लागला, की इंग्लंडमधल्या आमच्या मराठी ग्रुपवर एक जुना मेसेज हमखास उगवतो. कुणीतरी काका वर 'अत्यंत महत्त्वाचे' असं लिहून तो पुढे ढकलतात. मजकूर साधारण असा: '२०२२ च्या हिवाळ्यात सरकारनं घरटी ४०० पौंड दिले, पण वीज-गॅस कंपन्यांनी त्याच वेळी डायरेक्ट डेबिट वाढवून ते काढून घेतले. शिवाय ते कर्ज आहे, पाच वर्षं वसूल होणार. बिलाला २,५०० पौंडांची मर्यादा होती, जास्त भरले असतील तर परत मागा. आणि डायरेक्ट डेबिट बंदच करून टाका.' खाली एक लिंक. (डायरेक्ट डेबिट म्हणजे कंपनीनं तुमच्या बँक खात्यातून दरमहा आपोआप उचललेला हप्ता.)

यातलं एक वाक्य अर्धं खरं आहे, आणि त्याच्या जिवावर बाकीची खपतात. म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

'कंपन्यांनी पैसे काढून घेतले.' ग्रेट ब्रिटनमध्ये ही मदत सहा हप्त्यांत आली: ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रत्येकी ६६ पौंड, डिसेंबर ते मार्च प्रत्येकी ६७. बेरीज बरोबर ४०० होते. ती आली वीज पुरवणाऱ्या कंपनीमार्फत. गॅस दुसऱ्या कंपनीचा असेल तर त्या कंपनीचा या पैशाशी संबंध नव्हता. डायरेक्ट डेबिटवाल्यांच्या बाबतीत कंपनीला दोन वाटा होत्या. एक, महिन्याचा हप्ता तेवढा कमी उचलायचा. दोन, हप्ता पूर्ण उचलून मदतीची रक्कम पुन्हा तुमच्या बँकेत टाकायची. दुसरी वाट धरणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनी बँकेच्या ॲपवर आधी पूर्ण रक्कम गेलेली पाहिली आणि बोंब मारली. चार-पाच दिवसांनी आलेले ६६ पौंड मात्र बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटले.

आता हप्ता का वाढला ते बघू. ऑफजेम या वीज-गॅस नियामकाची दरमर्यादा सर्वसाधारण वापराच्या घरासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये वर्षाला १,२७७ पौंड होती. एप्रिल २०२२ मध्ये ती १,९७१ झाली आणि त्या ऑक्टोबरपासून ३,५४९ होणार होती. सरकारनं दर रोखून धरले म्हणून सर्वसाधारण घराचा आकडा २,५०० वर थांबला. याला बारानं भागा. एप्रिलनंतरचा हप्ता सुमारे १६४ पौंड, ऑक्टोबरपासूनचा २०८. त्यातून ६६ वजा केले की खिशातून गेले १४२. म्हणजे दर वाढूनही खिशातून उन्हाळ्यापेक्षा कमी गेले. दर रोखले नसते तर हाच हप्ता २९६ च्या घरात गेला असता.

मग एप्रिल २०२३ मध्ये मदत संपली आणि हप्ता पुन्हा २०८ झाला. 'बघा, वाढवलाच की नाही!' अहो, वाढवला नाही, वजाबाकी थांबली.

या गोंधळाचं मूळ मला आपल्याच सवयीत दिसतं. महावितरणचं बिल मीटर वाचून येतं. या महिन्यात जाळली तेवढी वीज, अधिक स्थिर आकार वगैरे, भरा आणि मोकळे व्हा. इथं तसं नाही. डायरेक्ट डेबिटची ठरावीक रक्कम म्हणजे त्या महिन्याचं बिल नव्हे. वर्षभराच्या अंदाजाचा तो बारावा भाग असतो. वाण्याकडे दरमहा सारखी रक्कम टाकत जावी, एरवी थोडं शिल्लक पडावं आणि दिवाळीच्या सामानात ते खर्ची पडावं, तसं हे खातं चालतं. उन्हाळ्यात तुमची जमा साचते, जानेवारीत हीटिंग ती खाऊन टाकतं. त्यामुळे फक्त बँकेचं पान बघून कुणी काय खाल्लं ते कळत नाही. वीज कंपनीचं खातं उघडून शिल्लक बघावी लागते, आणि ती शिल्लक अंदाजी रीडिंगवर काढलीय की खऱ्या, हेही बघावं लागतं.

आता अर्धं सत्य. हप्ते वाजवीपेक्षा जास्त वाढवले गेल्याची उदाहरणं होती. ऑफजेमनं जुलै २०२२ मध्ये तपासणीचे निष्कर्ष जाहीर केले, तेव्हा ज्यांचे हप्ते वाढले त्यांतल्या पाच लाखांहून अधिक ग्राहकांचा हप्ता दुपटीहून जास्त झाल्याचं दिसलं. तारीख मात्र नीट बघा: ही वाढ फेब्रुवारी ते एप्रिल २०२२ मधली, ४०० पौंडांचा पहिला हप्ता यायच्या कितीतरी आधीची. मदत लाटायला हप्ते वाढवले, हे त्यातून निघत नाही.

मी स्वतः त्या फेऱ्यात सापडलो होतो. आमचा हप्ता ११० वरून एकदम २०५ झाला. दर वाढले होते दीडपटीच्या आसपास, मग हे काय? खातं उघडलं तर कंपनीनं पाच महिन्यांचं रीडिंग अंदाजानं धरलेलं. जिन्याखालच्या कपाटात टॉर्च घेऊन शिरलो, मीटरचा फोटो काढला, आकडा पाठवला आणि हप्ता १६८ झाला. लबाडी होती की आळस, देव जाणे.

'ते कर्ज आहे.' हा मुद्दा हवेतून आलेला नाही, फक्त शिळा आहे. ३ फेब्रुवारी २०२२ ला अर्थमंत्री ऋषी सुनक यांनी आधी जाहीर केलं होतं ते असंच: ऑक्टोबरमध्ये २०० पौंड सूट, आणि २०२३ पासून पाच वर्षं दरवर्षी ४० पौंडांनी वसुली. पण २६ मे रोजी त्यांनीच रक्कम दुप्पट केली आणि परतफेड रद्द केली. मेसेज लिहिणाऱ्याचं कॅलेंडर फेब्रुवारीतच अडकलंय.

'बिलाला २,५०० ची मर्यादा होती.' नव्हती. मर्यादा दराला होती: डायरेक्ट डेबिटवर विजेचं युनिट सरासरी ३४ पेन्स, गॅसचं १०.३ पेन्स, वर रोजचा स्थिर आकार विजेला ४६ आणि गॅसला २८ पेन्स. वर्षाला २,९०० युनिट वीज आणि १२,००० युनिट गॅस धरला की बेरीज अडीच हजाराजवळ येते, म्हणून तो आकडा. चार खोल्यांत दिवसभर हीटर लावणाऱ्याला तीन-साडेतीन हजार सहज पडले, आणि ते देणं लागतंच. तत्कालीन पंतप्रधान लिझ ट्रस यांनीही रेडिओवर कुणालाच २,५०० पेक्षा जास्त भरावं लागणार नाही, अशा अर्थाचं सांगितलं होतं, तेव्हा आपल्या काकांना किती दोष द्यायचा?

लिंकवर बोट लावू नका, एवढंच. या मदतीसाठी बहुतेक घरांना अर्ज करायचाच नव्हता. ज्यांचं स्वतःचं वीजखातं नव्हतं, उदाहरणार्थ केअर होममधले लोक, त्यांच्यासाठी सरकारी साइटवर वेगळा अर्ज होता, तो ३१ मे २०२३ ला बंद झाला. जुन्या प्रीपेमेंट मीटरवाल्यांना, म्हणजे आधी पैसे भरून मग वीज वापरणाऱ्यांना, व्हाउचर आले, त्यांचीही मुदत ३० जून २०२३ ला संपली. आज कुणी 'राहिलेले ४०० पौंड मिळवून देतो' म्हणत असेल तर त्याला तुमच्या बँकेचा नंबर हवाय.

राहता राहिला 'डायरेक्ट डेबिट बंद करा'. बंद करता येतं, बँकेला एक सूचना पुरते. पण त्यानं देणं संपत नाही. बिल आल्यावर भरणाऱ्यांच्या गटात तुम्ही जाता, आणि तिथला दर सहसा महाग असतो. न भरलेलं थकबाकीत साचतं. त्यापेक्षा हातात असलेली साधनं वापरा. हप्ता बदलण्याआधी कंपनीनं आगाऊ कळवायला हवं, साधारणपणे दहा कामकाजाचे दिवस आधी. चुकून जास्त उचलले तर डायरेक्ट डेबिट गॅरंटीखाली बँकेनं परत द्यायला हवेत. हप्ता हातात असलेल्या ताज्या माहितीवरच ठरवायचा, ही कंपनीच्या परवान्याची अट आहे, म्हणून रीडिंग पाठवत राहा. आणि थंडी सरल्यावरही खात्यात बरीच जमा दिसत असेल तर ती मागता येते. नाकारायला कंपनीकडे सबळ कारण लागतं. मी मे महिन्यात तीन ओळींची ईमेल टाकली होती. उत्तरात आधी मीटरचं रीडिंग मागितलं, तेव्हा पुन्हा टॉर्च घेऊन जिन्याखाली.