‘तुमचं सूर्यफूल खोटं निघालं’ या कमेंटला उत्तर

भाऊ, तुमची कमेंट दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, खोटं काहून बोलू. मग संध्याकाळी कापूस वेचून आल्यावर परत वाचली तेव्हा वाटलं, तीनपैकी दीड गोष्ट तर तुमची बरोबरच आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. भाऊंचं म्हणणं असं की मी ज्याला बारमाही सूर्यफूल म्हणते ते मुळात सूर्यफूलच नाही. माझं वाचून त्यांनी काड्या लावल्या, युरिया टाकला, झाड दहा फूट गेलं पण गणपती गेले, दसरा गेला, फुलाचा पत्ता नाही अन् परतीच्या पावसात सगळं आडवं. आणि हे उद्याचं गाजरगवत आहे, मी ते गावोगाव वाटून राहिली.

नावाचं मान्य. हे टिथोनिया, मेक्सिकोकडचं, लोक त्याला मेक्सिकन सूर्यफूल म्हणतात. सूर्यफुलाची चुलत बहीण म्हणा. खरं सूर्यफूल म्हणजे हेलिअँथस, त्यातलं आपलं तेलाचं एका हंगामात संपून जाते, पण त्याच्याच काही भावंडांच्या मुळ्या जमिनीत जिवंत राहतात, दरवर्षी परत फुटतात अन् तिकडे अमेरिकेत सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलतात. एकाला तर मॅक्सिमिलियन नावाच्या जर्मन राजपुत्राचं नाव आहे, तो १८३२ ते १८३४ मध्ये तिकडे फिरला होता. कंद खातात ते हाथीचोकही त्यातलंच. माझ्या आंगनातलं ते नाही. ‘मेक्सिकन’ हा शब्द मी गाळला, चूक माझी, मूळ लेखात दुरुस्त केलं.

आता फूल आलं नाही त्याचं. इथं मात्र मी ऐकणार नाही.

हे झाड खताची वाट नाही पाहत, लांब रात्रीची पाहते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास असतो, सप्टेंबरच्या शेवटी दिवस-रात्र सारखे होतात, मग रात्र वाढत जाते अन् तेव्हा कुठं हे कळी धरते. तुरीचं नाही का तसंच, आपली जुनी उशिराची तूर मृगात पेरा नाहीतर पाऊस लांबला म्हणून पंधरा दिवसांनी पेरा, फुलावर यायची ती तिच्या वेळेलाच येते. शेवंतीही तशीच. अमेरिकेत गार्नर अन् अॅलार्ड या दोघांनी १९२० साली हे मांडलं, आणि कशावरून, तर तंबाखू अन् चक्क सोयाबीन! सोयाबीनचं एक उशिराचं वाण त्यांनी थोड्या थोड्या दिवसांनी पेरलं, तरी सगळ्याला फूल सप्टेंबरातच जवळपास एकाच वेळी. म्हणजे गणपतीत फूल मागणं हे आषाढात तुरीच्या शेंगा मागण्यासारखं आहे भाऊ.

आणि युरिया. दोन दोन मुठी! पऱ्हाटीला जास्त युरिया झाला की ती माजते, नुसता पाला, बोंडं कमी, हे मी तुम्हाला सांगायचं का? हेही माजलं. वरून आपली काळी माती, पाऊस झाला की लोण्यासारखी, दहा फुटाचं झाड ती धरून ठेवणार कशी. मी काहीच खत देत नाही, वरंब्यावर लावते म्हणजे मुळाशी पाणी साचत नाही, अन् दिवसभर ऊन पाहिजे, सावलीत ते लांबतच जाते.

पण इथं माझीही अर्धी चूक आहे, कारण शेंडे छाटायचं मी एका ओळीत उरकलं होतं. कंबरेइतकं झालं की, म्हणजे आषाढीच्या आगेमागे, विळ्यानं निम्मं छाटून टाकायचं. जीव होत नाही, माहीत आहे. खालून चार-सहा फुटवे येतात, ते राखीच्या सुमारास परत वीतभर छाटायचे. पोळ्यानंतर मात्र विळा लावायचा नाही, नाहीतर कळीच जाते. एवढं केलं की झाड पाच-सहा फुटांत भरदार राहते, दोन-चार तुराट्या रोवून सुतळी बांधली की पुरते.

अजून एक, तुमच्या फोटोत झाडाच्या डोक्यावर पोल दिसून राहिला. लाइट रात्रभर असते ना? आमच्या ओट्याच्या कोपऱ्यावर ग्रामपंचायतीनं एलईडी लावल्यापासून त्या बाजूच्या फांद्या मागं पडतात. पलीकडच्या बाजूला कोजागिरीपासून फुलं आहेत, मधासारखा वास, माशा घोंगावून राहिल्या, अन् इकडं आता कुठं कळ्या. त्या झाडाला रात्र झाली हे कळतच नसेल, असा माझा अंदाज. तेव्हा पडलेलं झाड उपटू नका, उभं करून बांधा, दिवाळी होऊ द्या.

गाजरगवताचं तुम्ही रागात लिहिलं, पण यानं मला झोप लागली नाही. गाजरगवत, शेवंती, झेंडू, हे, सगळं एकाच कुळातलं, म्हणून काही सगळी तण होत नाहीत. पण हे झाड आफ्रिकेत अन् आपल्याकडे केरळात पसरलेलं आहे, हे खरं आहे आणि मी लिहिलं नव्हतं. बी हलकं, वाऱ्या-पाण्यानं जाते, अन् तोडून फेकलेली काडीही ओल मिळाली की फुटते. म्हणून फूल सुकलं रे सुकलं की बी पिकायच्या आत मी पूर्ण झाड हातभर ठेवून कापते. पाला अन् कोवळे शेंडे संत्र्याच्या आळ्यात, टिथोनियाच्या वाळल्या पाल्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास नत्र असते, पश्चिम केनियात तर कास्तकार तो हिरवळीचं खत म्हणून वापरतात. जाड काड्या मात्र टिनावर कडक वाळवून चुलीत. उकिरड्यावर टाकायच्या नाहीत, मी पहिल्या वर्षी टाकल्या अन् पावसाळ्यात उकिरड्यावरच बाग झाली, सासूबाई अजून हसतात.

दरवर्षी हे होणार नसेल, तर लावू नका. मेळघाटाकडच्या एका ताईंनी काड्या मागितल्या होत्या, त्यांना मी कालच नाही कळवलं, जंगल जवळ आहे त्यांचं. आणि तुम्ही शेवटी लिहिलं ना, ‘पडलेल्या जागी लावायला नवीन काड्या तरी पाठवा, उरलेल्या नाल्याच्या धुऱ्यावर लावतो’, तर राग मानू नका, तुम्हालाही नाही पाठवत.