४३ वेळा "नाही"

आज सकाळी मैत्रिणीच्या लेकीचा फोन आला. पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहे, रसायनशास्त्रात. "मावशी, सरांनी चौथं चॅप्टर काढून टाकायला सांगितलंय." का? तर त्यातलं काहीच "चाललं नाही" म्हणून. दोन वर्षांचं काम आहे ते. सरांचं म्हणणं असं, की निगेटिव्ह रिझल्ट कोण छापतंय, थिसिस उगाच फुगतो आणि व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नको ते प्रश्न येतात. पोरगी रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे विचारत होती, फाईल डिलीट करू की कुठे ठेवून देऊ?

तेव्हापासून डोकं भणभणतंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे. कंटाळा येणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं.

माझी पीएचडी चालू असताना मी आठ महिने एका रिॲक्शनच्या मागे होते. छापून आलेली रिॲक्शन. जर्नल चांगलं, ग्रुप नावाजलेला, यील्ड, म्हणजे हाती येणारं उत्पादन, ८२ टक्के. माझ्या सगळ्या कामाची ती पहिली पायरी, म्हणजे ती होईपर्यंत पुढचं सगळं अडलेलं. पहिल्यांदा लावली, झाली नाही. ठीक आहे, सॉल्व्हंट ओला असेल. पुन्हा वाळवून घेतला. नाही. नायट्रोजनऐवजी आर्गॉन. नाही. तापमान दहा अंश वर, दहा अंश खाली, कॅटॅलिस्टची नवी बाटली, एक रात्र, दोन रात्री. दर वेळी टीएलसीची प्लेट (मिश्रणातले पदार्थ वेगवेगळे ठिपके म्हणून दाखवणारी पट्टी) यूव्हीच्या दिव्याखाली धरायची आणि सुरुवातीच्या पदार्थाचा तो ठिपका काल जिथे होता तिथेच ठाण मांडून बसलेला दिसायचा. सुरुवातीला मी नोटबुकात अर्धं अर्धं पान कारणं लिहायचे. शेवटी शेवटी नुसता आकडा आणि एक शब्द. "४१. नाही." "४२. नाही." "४३. नाही."

गाईड म्हणाले, "पेपर चुकत नाही, हात चुकतो." हे वाक्य मी किती वर्षं उराशी धरून बसले होते, ते माझं मला माहीत.

मग एक कॉन्फरन्स. पोस्टरच्या कोपऱ्यात, सोडून दिलेला मार्ग म्हणून, मी ती रिॲक्शन छोटीशी फुली मारून दाखवली होती. एक अनोळखी माणूस आला, बाकी पोस्टरकडे ढुंकूनही न बघता थेट त्या फुलीवर बोट ठेवून म्हणाला, "ही तुमच्याकडेही होत नाही?" मी मान हलवली. तो चक्क खूश झाला. "आम्ही तीन महिने घातले हो. आमच्या शेजारच्या लॅबनेही करून पाहिली."

म्हणजे माहीत सगळ्यांना होतं, फक्त लिहिलं कुणीच नव्हतं. मी त्या रात्री हॉस्टेलच्या खोलीत हसले की रडले, आता आठवत नाही. बहुतेक दोन्ही.

याला नाव आहे बरं का. रॉबर्ट रोझेन्थल या मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्येच याला "फाईल ड्रॉवर"चा प्रश्न म्हटलं होतं. जमलेलं जर्नलमध्ये जातं आणि न जमलेलं ड्रॉवरमध्ये. नाव ठेवून झालं, आता कुणाचा ड्रॉवर उघडतोय!

कुणीतरी म्हणेलच, एका मुलीचे आठ महिने गेले तर काय आभाळ कोसळलं? मग औषधांचं ऐका. १९८० मध्ये हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णांवर लॉर्केनाइड नावाच्या औषधाची चाचणी झाली. ठोके अनियमित पडू नयेत म्हणून द्यायचं औषध. रुग्ण शंभराहूनही कमी. औषध घेतलेल्या गटात ९ जण गेले, न घेतलेल्या गटात १. संशोधकांना वाटलं योगायोग असेल. पुढे ते औषध धंद्याच्या कारणांनी मागे पडलं आणि त्याबरोबर हा निकालही ड्रॉवरमध्ये गेला. छापून आला १९९३ मध्ये. तेरा वर्षं! मधल्या काळात त्याच जातकुळीची दुसरी औषधं सर्रास दिली जात होती, आणि एका मोठ्या चाचणीत औषध घेणारेच जास्त मरतायत हे १९८९ मध्ये दिसल्यावर त्यांना लगाम बसला. १९९३ च्या त्या पेपरात लेखकांनी स्वतःच लिहिलंय की आमचा निकाल वेळेवर आला असता तर धोक्याची सूचना आधीच मिळाली असती. त्यांनी निदान ते लिहिलं. न लिहिणाऱ्यांचं काय? त्यांचे आकडे कुठल्या ड्रॉवरमध्ये आहेत? वैद्यकीय संशोधनाच्या नीतिनियमांच्या हेलसिंकी जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलंय की नकारात्मक निकालही प्रसिद्ध व्हायला हवेत. म्हटलंय ना. भिंतीवर "येथे थुंकू नये" असंही म्हटलेलं असतं.

(हे जरा जास्त झालं. राहू दे, खोडत नाही.)

अर्थशास्त्रवाले मित्र गालातल्या गालात हसत असतील, की आमच्याकडे कुणी मरत नाही. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा पेपर विसरलात? सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की अर्थव्यवस्थेची वाढ घसरते, सरासरी उणे ०.१ टक्का. हा आकडा हातात धरून देशोदेशींच्या पुढाऱ्यांनी खर्चकपातीची भाषणं ठोकली. मग थॉमस हर्नडन नावाच्या एका विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ मिळाला, एक नावाजलेला पेपर पुन्हा करून दाखवा. त्याचं उत्तर काही केल्या जुळेना. आणि त्याला आधी काय वाटलं असेल? आपलंच चुकतंय! माझ्या गाईडचं वाक्य तिकडेही पोचलेलं होतं म्हणायचं. त्यानं लेखकांकडे एक्सेलची फाईल मागितली, उघडली, तर सरासरीच्या सूत्रात पाच देश धरलेच नव्हते. त्याखेरीज काही वर्षांची आकडेवारी वगळलेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादाची होती. हे सगळं दुरुस्त केल्यावर उणे ०.१ चे अधिक २.२ झाले. २०१३ ची गोष्ट. बरं, लेखकांनी फाईल दिली, हे त्यांच्या बाजूनं म्हणावं लागेल. मी त्या ८२ टक्केवाल्यांना दोन ईमेल केल्या होत्या. उत्तर यायचंय अजून.

इंजिनिअरांचा मात्र मला हेवा वाटतो. त्यांचं अपयश लपवताच येत नाही, ते सगळ्यांसमोर आकाशातून पडतं. कॉमेट ही पहिली प्रवासी जेट विमानं १९५४ मध्ये जानेवारीत आणि एप्रिलमध्ये हवेतच फुटली, तेव्हा इंग्लंडमधल्या फार्नबरोला अख्ख्या विमानाचा सांगाडा पाण्याच्या टाकीत बुडवून त्यात पुन्हा पुन्हा दाब भरला, तो फुटेपर्यंत. धातू थकतो आणि खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांपाशी चिरतो, हे समजलं. चौकशीचा निष्कर्ष उघड मांडला गेला आणि स्पर्धक कंपन्याही त्यातून शिकल्या. एका फसलेल्या विमानानं किती माणसं वाचवली असतील! अर्थात पेपर लिहायला बसले की इंजिनिअरही आमच्यासारखेच. सोलर सेलचे पेपर बघा, मथळ्यात आकडा "चॅम्पियन सेल"चा. म्हणजे केलेल्या सगळ्या सेलमधला सर्वांत भारी एक. बाकीची भावंडं गुणी बाळासारखी सप्लिमेंटरीच्या, म्हणजे पेपरच्या पुरवणीच्या, पानांत, तीही नशीब असेल तर.

आता मान्य करायचं ते करून टाकते. प्रत्येक फसलेला प्रयोग छापायचा ठरवलं तर वाचणार कोण? माझ्या ४३ पैकी निदान दहा तरी माझ्याच वेंधळेपणानं गेले असतील. सतराव्या वेळी तर मी बेस, म्हणजे रिॲक्शनला लागणारा अल्कधर्मी पदार्थ, घालायलाच विसरले होते, हे आज पहिल्यांदा कबूल करतेय. निगेटिव्ह निकालांसाठी वैद्यकातलं एक खास जर्नल २००२ मध्ये निघालं होतं, तेही २०१७ मध्ये बंद पडलं. झालं, कबुली संपली.

आणि आमच्या रसायनशास्त्रात सगळंच वाईट आहे असंही नाही. ऑर्गॅनिक सिंथेसेस या नियतकालिकात, १९२१ पासून चालू आहे ते, संपादक मंडळातल्या कुणाच्या तरी लॅबमध्ये प्रयोग पुन्हा करून पाहिल्याशिवाय कृती छापत नाहीत. त्यातली कृती हातात आली की माणूस निवांत झोपतो. आणि कार्स्टन बोल्म या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट तर मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते. लोखंडाच्या स्वस्त क्षारानं होणाऱ्या काही रिॲक्शन त्यांनी छापल्या होत्या. पुढे लक्षात आलं की बाटली बदलली की यील्ड बदलतं. जास्त शुद्ध क्षार घेतला तर रिॲक्शन मंदावते! खरं काम त्यात अशुद्धी म्हणून आलेलं तांबं करत होतं, दहा लाखांत काही भाग एवढंसं. हे २००९ मध्ये त्यांनी स्टीफन बुकवाल्ड या दुसऱ्या रसायनशास्त्रज्ञाबरोबर स्वतःच छापलं. आपल्याच कामावर, आपल्याच नावानं. त्यांचं काही बिघडलं नाही, लोक त्यांना आजही मानतात.

माझ्या रिॲक्शनमध्ये काय दडलं होतं, मला कधीच कळलं नाही. कदाचित त्यांच्या बाटलीतही असंच काहीतरी असेल. ८२ टक्के खोटे होते असं मी आजही म्हणत नाही. आणि माझ्या गाईडवरचा रागही आता उरला नाही. त्यांनाही दर वर्षी पेपरांचा आकडा भरून द्यावा लागायचा, त्या तक्त्यात "नाही"साठी रकाना नव्हता. त्यांच्या स्वतःच्या थिसिसमधून कुणी काय काढायला लावलं होतं, मी कधी विचारलंच नाही.

पोरीला सांगितलंय, डिलीट काही करायचं नाही. चॅप्टर नको म्हणतायत तर परिशिष्ट म्हणून लाव, सरांशी शांतपणे बोल, आणि तेही नको म्हणाले तर थिसिस जमा झाल्यावर प्रीप्रिंट (जर्नलच्या छाननीआधी नेटवर ठेवलेला पेपर) म्हणून टाकता येईल का ते त्यांच्याकडूनच विचारून घे. "सर चिडले तर?" म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी कुठे माझं लिहिलं होतं?

फोन ठेवला आणि जुनी नोटबुकं काढली. तीही ड्रॉवरमध्येच होती, मला आधी लक्षातच आलं नाही. कॅटॅलिस्टच्या डागानं पानं चिकटलीत, पण वाचता येतंय. आज ११ व्या प्रयत्नापर्यंत टाइप करून झालं. रोज चार-पाच करेन. पहिल्या पानाचा फोटो कमेंटमध्ये टाकलाय, अक्षराला हसू नका. त्या पोस्टरपाशी भेटलेले गृहस्थ कुणाच्या ओळखीत निघाले तर त्यांना जरूर टॅग करा. त्यांचे तीन महिनेही हवेत मला.