डॅलग्लिश तीस सेकंदांत कसा उरकावा

परवा मोबाइलवर एक रील आलं. ‘इंग्लिश फुटबॉलचे सर्वकालीन थोर मॅनेजर’, लांबी तीस सेकंद, मागे ढोल. त्यात लिव्हरपूलचा जुना खेळाडू आणि मॅनेजर केनी डॅलग्लिश याच्या फोटोखाली लिहिलं होतं, लीग विजेतेपदं: 1. दोन दिवसांत तेच रील चार ग्रुपांवरून फिरून आलं, तेव्हा कळलं की लोकांना हा माल आवडतो. मग तो नीट बनवायला तरी शिका. होतकरू रीलकारांसाठी कृती देतो.

सगळ्यात आधी साल पक्कं करा: 1992. त्या वर्षी 15 ऑगस्टला ब्रह्मदेवाने फुटबॉल निर्माण केला. 1888 पासून इंग्लंडात लीग चालू होती असं काही म्हातारे सांगतात, पण तिचे हायलाइट्स चकचकीत दिसत नाहीत, त्यामुळे ती मोजायची नाही. 1992 मध्ये झालं काय, तर वरच्या डिव्हिजनचे 22 क्लब जुन्या लीगमधून बाहेर पडले आणि टीव्हीचा पैसा आपापसांत वाटून घेऊ लागले. क्लब तेच, मैदानं तीच. करार तेवढा नवा, आणि ‘प्रीमियर लीग’ हे नाव. पण ही गाळणी एकदा लावली की अर्धं काम झालं. लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून डॅलग्लिशने जिंकलेल्या 1986, 1988 आणि 1990 च्या तीन लीग गळून जातात, 1986 आणि 1989 चे बाद फेरीचे एफए कपही जातात. वर राहतं ब्लॅकबर्न या क्लबचं 1995. उत्तर 1. कुणी वाद घातलाच तर बारीक अक्षरांत ‘प्रीमियर लीग युग’ असं लिहून मोकळे व्हा. बारीक म्हणजे अगदी बारीक, कारण वर मोठ्या अक्षरांत ‘सर्वकालीन’ आहे.

तो खेळाडू होता हे सांगू नका. स्कॉटिश क्लब सेल्टिकसाठी 167 गोल, लिव्हरपूलसाठी 172, स्कॉटलंडकडून 102 सामने, तीन युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग): एवढं वाचण्यातच सहा सेकंद जातात.

पुढचं वाक्य आयतं आहे: ‘तयार टीम मिळाली.’ आयत्या बिळावर नागोबा! हे बोलताना तारीख मात्र टाळायची. 29 मे 1985 ला ब्रुसेल्सच्या हेसल मैदानावर युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी 39 माणसं मेली. दुसऱ्या दिवशी 34 वर्षांच्या डॅलग्लिशला प्लेयर-मॅनेजर म्हणून उभं केलं गेलं. असं सोन्याचं बिळ होतं ते. पहिल्याच मोसमात लीग आणि एफए कप दोन्ही आले. मोसमाच्या उत्तरार्धात त्याने स्वतःलाच पुन्हा संघात घेतलं, आणि लीगचे शेवटचे 12 सामने पाहिले तर 11 विजय, 1 बरोबरी. 3 मे 1986 ला चेल्सीच्या मैदानावर चेंडू छातीवर घेऊन, खाली पडायच्या आत मारून लीग जिंकून देणारा गोलही मॅनेजरसाहेबांचाच. आता हे रीलमध्ये घातलं तर ढोल कुठे बसवणार?

‘तयार टीम’वाल्यांनी 1987 चा हिशोब तर अजिबात उघडू नये. इयन रश 32 लाख पौंडांना युव्हेंटसला गेला. जॉन ऑल्ड्रिज साडेसात लाख, जॉन बार्न्स 9 लाख, पीटर बीअर्डस्ली 19 लाख, रे हॉटन सव्वाआठ लाख. चौघांचे मिळून पावणेचव्वेचाळीस लाख, म्हणजे रशचे पैसे वजा जाता पावणेबारा लाखांत अख्खी आक्रमक फळी नवी. त्या संघाने 1987-88 मध्ये पहिले 29 लीग सामने हरले नाहीत, 40 सामन्यांत 87 गोल केले, 24 खाल्ले, हरले फक्त 2. मे महिन्यात विंबल्डनकडून एफए कपचा अंतिम सामना हरले, तेवढं मात्र जरूर दाखवा.

आता हुकमी प्रश्न: ‘लिव्हरपूलचा मॅनेजर म्हणून युरोपियन कप किती?’ शून्य! स्क्रीन लाल करा. हेसलनंतर इंग्लिश क्लबांवर 1990 पर्यंत युरोपबंदी होती, लिव्हरपूलवर आणखी एक वर्ष. डॅलग्लिशने राजीनामा दिला फेब्रुवारी 1991 मध्ये. म्हणजे त्या पहिल्या कारकिर्दीत एक दिवसही त्याला युरोपात खेळायची मुभा नव्हती. ज्याला परीक्षेलाच बसू दिलं नाही त्याला नापास ठरवणं ही कला आहे, ती सरावाने जमते. ब्लॅकबर्नला घेऊन 1994 मध्ये तो युएफा कप या युरोपीय स्पर्धेत उतरला आणि स्वीडनच्या त्रेलेबॉर्गकडून पहिल्याच फेरीत बाहेर पडला. ही खरी नामुष्की. पण ती तुम्हाला सापडणार नाही, कारण त्यासाठी वाचावं लागतं.

ब्लॅकबर्नसाठी एकच शब्द: ‘पैसा’. मालक जॅक वॉकरचा पोलादाचा पैसा होता, भरपूर होता, त्याबद्दल दुमत नाही. ॲलन शिअरर 1992 मध्ये विक्रमी रकमेला आला, 1994 मध्ये ख्रिस सटन 50 लाखांना. फक्त दोन गोष्टी दडवा. एक, ऑक्टोबर 1991 मध्ये डॅलग्लिश आला तेव्हा हा क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये होता आणि बढतीच्या प्लेऑफमध्ये लेस्टरला 1-0 हरवून कसाबसा वर आला. त्यानंतर चौथा, दुसरा, पहिला. दोन, गरीब बिचाऱ्या मँचेस्टर युनायटेडने जानेवारी 1995 मध्ये अँडी कोल 70 लाखांच्या व्यवहारात घेतला, तोही तेव्हाचा ब्रिटिश विक्रमच. मोसमाअखेर ब्लॅकबर्न 89 गुण, युनायटेड 88. शेवटच्या दिवशी ब्लॅकबर्न लिव्हरपूलच्या ॲनफिल्ड मैदानावरच 2-1 हरलं आणि तिकडे वेस्ट हॅमने युनायटेडला 1-1 वर अडवलं, ही गंमत हवी तर घ्या. त्याआधीची ब्लॅकबर्नची लीग 1914 ची होती.

नंतर न्यूकासलचं मॅनेजरपद: ‘फ्लॉप’. बार्सिलोनाला 3-2 हरवलं ते कापा.

31 जानेवारी 2011, डॅलग्लिश पुन्हा लिव्हरपूलचा मॅनेजर: अँडी कॅरोलचे 3 कोटी 50 लाख दाखवा, त्याच दिवशी आलेला लुईस सुआरेझ झाकून ठेवा. खरं तर सुआरेझचाच पुढचा भाग उघडायला हवा होता. डिसेंबर 2011 मध्ये वर्णद्वेषी शब्दांबद्दल सुआरेझवर 8 सामन्यांची बंदी आली, आणि लिव्हरपूलचा संघ त्याच्या पाठिंब्याचे टी-शर्ट घालून मैदानात आला. तिथे डॅलग्लिश चुकला, साफ चुकला. टीका करायला एवढी पक्की जागा असताना तुम्ही बडवताय काय, तर कॅरोल.

आणि शेवटी रीलमधला तो मास्टरस्ट्रोक: ‘1991 मध्ये प्रेशर झेपलं नाही, पळाला.’ सोबत पळणाऱ्या माणसाची इमोजी. एका कमेंटमध्ये तर ‘फर्गीला घाबरला’. फेब्रुवारी 1991 मध्ये फर्गीने, म्हणजे मँचेस्टर युनायटेडच्या ॲलेक्स फर्गसनने, इंग्लंडात एकही लीग जिंकलेली नव्हती, पहिली आली 1993 मध्ये. डॅलग्लिशने पद सोडलं तेव्हा लिव्हरपूल टेबलात पहिलं होतं. घाबरायला होतं कोण?

प्रेशर म्हणजे काय होतं तेही ऐका. 15 एप्रिल 1989, शेफील्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी. बाहेर गर्दी तुंबली, पोलिसांनी 2 वाजून 52 मिनिटांनी एक मोठं फाटक उघडलं, पण मधल्या बोगद्याचं तोंड बंद केलं नाही. सगळा लोंढा गोलमागच्या दोन आधीच भरलेल्या पिंजऱ्यांत गेला. पुढे लोखंडी जाळी. 3 वाजून 6 मिनिटांनी सामना थांबला. मेलेल्यांचा आकडा आज 97 आहे. शेवटचा माणूस जखमांशी 32 वर्षं झुंजून 2021 मध्ये गेला. चार दिवसांनी ‘द सन’ या इंग्लिश वर्तमानपत्राने छापलं की दोष प्रेक्षकांचाच. ते खोटं होतं हे ज्यूरीने सांगायला 2016 उजाडलं.

डॅलग्लिश त्या आठवड्यांत अंत्यसंस्कारांना जात होता. एका दिवशी चार. नंतर त्याच मोसमाचा एफए कप आणि पुढच्या मोसमाची लीग जिंकली, आणि आत माणूस संपत आला होता. 20 फेब्रुवारी 1991 ला एव्हर्टनशी 4-4 झालं, लिव्हरपूल चार वेळा पुढे होतं. बचाव आवळायला हवा हे दिसत होतं, पण निर्णयच घेता आला नाही, हे त्याने स्वतः सांगितलंय. दोन दिवसांनी राजीनामा. ग्लासगोच्या इब्रॉक्स मैदानावर 1971 ला तो स्टँडमध्ये होता, 66 मेले. हेसलला मैदानावर, 39. हिल्सबरोला डगआउटमध्ये, 97. तीन दुर्घटना एका माणसाच्या डोळ्यांदेखत.

आणि खाली मराठीत, आपल्याच पोरांनी, पुण्या-मुंबईच्या, हसत लिहिलंय, ‘नेहमीचेच व्हिक्टिम’. अरे, लाज वाटत नाही? ज्या शहरात तुम्ही कधी पाऊल ठेवलं नाही तिथल्या मेलेल्या पोरांवर, केवळ तुमची जर्सी वेगळ्या क्लबची म्हणून? क्लब हवा तो धरा, डॅलग्लिशला शिव्या घाला, कॅरोलवरून वर्षभर हसा. पण त्या 97 वर नाही. ती कमेंट काढा. आज काढा.

आणि रीलवाल्या, पाटी बदल. लीग 4, एफए कप 2, लीग कप 1. सेल्टिकचा हंगामी मॅनेजर असताना 2000 मध्ये जिंकलेला स्कॉटिश लीग कप वेगळा.